ताणा आणि बाणा : न तुटलेल्या १११ मिनिटांविषयी

७ नोव्हेंबर २००४ हा रविवार होता. दिवाळी चार-पाच दिवसांवर आलेली. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग या विणकरांच्या पट्ट्यात अशा दिवसांत माग सहसा थांबत नाहीत. व्यापाऱ्याला माल पोचवायचा असतो, आणि गल्लीतून जाताना एका घरातली खटखट मागे पडायच्या आत दुसऱ्या घरातली कानावर येते. त्या दिवशी मात्र शेजारच्या आण्णांनी माग लवकर बंद केला. आम्ही पोरं, बायामाणसं, म्हातारी-कोतारी अशी सगळी त्यांच्या सोप्यात टीव्हीसमोर दाटीवाटीने बसलो. सोनी वाहिनीवर ‘सीआयडी’चा एक खास भाग लागणार होता. एकशे अकरा मिनिटांचा भाग, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा एकदाही बंद केलेला नाही, असे आम्ही ऐकून होतो.

भाग संपला तेव्हा लगेच कुणी उठले नाही. आण्णा भिंतीला टेकून बसले होते. ते एवढेच म्हणाले, “एक बी गाठ नाही की रे ह्यात.”

हे छोटे पुस्तक त्या एका वाक्यातून निघाले आहे.

गाठ म्हणजे काय, हे शहापुरात कुणाला सांगावे लागत नाही. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. विणताना उभा धागा तुटला की माग थांबवायचा, तुटलेली टोके शोधायची, चिमटीत धरून सांधायची आणि पुन्हा विणायला लागायचे. साडी तयार झाली की ती गाठ डोळ्यांना दिसत नाही. पण कापडावरून हात फिरवणाऱ्या जाणत्या माणसाच्या बोटांना ती लागते. आण्णांनी जन्मभर असा हात फिरवला होता. मालिकेत एक दृश्य संपून दुसरे सुरू होते तो जोड त्यांना गाठीसारखा जाणवत असणार, हे माझ्या ध्यानात त्या दिवशी आले. चित्रपटाचे संकलन या विषयावर पुढे मी बरेच वाचले, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

मागाच्या उभ्या धाग्यांना आपण ताणा म्हणतो आणि मनावर येतो त्याला ताण. दोन्ही शब्द ‘ताणणे’ या एकाच क्रियेतून आले आहेत. आण्णा नव्या पोराला मागावर बसवताना सांगायचे, “ताणा ढिला पडला की धोटा अडकतोय. लई ओढलास तर सूत तुटतंय. बोट लावून बघ, बोटालाच कळतंय.” रहस्यमालिका लिहिणाऱ्याला आणि ती चित्रित करणाऱ्यालाही हेच सांभाळायचे असते. ताण सैल पडला की प्रेक्षक स्वयंपाकघरात जातो. फाजील ओढला की त्याचा विश्वास तुटतो, आणि मग पडद्यावर कितीही प्रेते पडली तरी त्याला काही वाटत नाही.

मात्र नुसता ताणा म्हणजे कापड नव्हे. त्यातून आडवा धागा जावा लागतो, त्याला बाणा म्हणतात. मराठीत बाणा या शब्दाला दुसराही अर्थ आहे: माणसाने धरलेले तत्त्व, त्याचे ब्रीद. या पुस्तकात मला जे म्हणायचे आहे ते या दोन शब्दांत मावते. गुन्ह्याच्या गोष्टीला ताणा लागतो तसा बाणाही लागतो. गोष्ट कुणाच्या बाजूने उभी आहे, मेलेल्या आणि फसवल्या गेलेल्या माणसाची तिला किती किंमत आहे, हा तिचा बाणा. ज्या भागात दोन्ही धागे एकमेकांत नीट बसतात तो भाग वर्षानुवर्षे टिकतो.

गुन्हा आणि न्याय यांचे नाटक आपल्या सीमाभागाला नवे नाही. मराठी रंगभूमीवरचा सर्वांत गाजलेला आरोपी आपल्याच जिल्ह्यातला आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी. निपाणीची तंबाखू महाराष्ट्रभर माहीत होती, तिच्या जोडीला अत्र्यांनी निपाणीचा लखोबाही घरोघरी पोचवला. हे नाटक माधव काझी या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर आधारलेले. निरनिराळी नावे आणि सोंगे घेऊन त्याने अनेक स्त्रियांना लग्नाच्या आमिषाने फसवले होते. नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. दिग्दर्शन मो. ग. रांगणेकरांचे होते आणि लखोबा होते प्रभाकर पणशीकर. पुढे पणशीकरांनी ही भूमिका हजारो वेळा केली.

या नाटकातला ताण कशातून येतो, ते पाहण्यासारखे आहे. गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळलेले असते. आरोपीच्या पिंजऱ्यातला माणूस धडधडीत खोटे बोलतो आहे हेही कळते. साक्षीदार एकामागून एक येतात, त्याच्याकडे बोट दाखवतात, आणि तो शांतपणे नाकारतो. आता प्रेक्षक एवढ्याचसाठी बसून असतो की आपल्याला दिसते ते न्यायाधीशाला कधी दिसणार. आपल्याला माहीत असलेली गोष्ट गोष्टीतल्या माणसाला माहीत नसणे, यातून येणारा ताण धक्क्याहून कितीतरी लांब पल्ल्याचा असतो. धक्का क्षणात विरतो. हा ताण मात्र निकाल लागेपर्यंत सुटत नाही.

नाटकाची दुसरी करामत फिरत्या रंगमंचाची. न्यायालयातून आरोपीच्या पूर्वायुष्यात आणि तिथून परत न्यायालयात अशी ये-जा सतत चालते. प्रत्येक वेळी पडदा पाडून देखावा बदलला असता, तर प्रेक्षक सैल झाला असता. त्याने सुपारी काढली असती, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलला असता. रंगमंच फिरवून ती फट बुजवली गेली. प्रेक्षकाला श्वास टाकायला जागा मिळाली नाही. १९६२ साली एका मराठी नाटकाने गाठ टाळण्याची ही युक्ती करून दाखवली. मी ज्या भागाविषयी लिहितो आहे त्याचे चित्रीकरणही ८ ऑक्टोबरलाच झाले, २००४ साली, म्हणजे बरोबर बेचाळीस वर्षांनी. हा निव्वळ योगायोग आहे, पण निपाणीकडच्या माणसाला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

छापील रहस्यकथांचीही आपल्याकडे मोठी परंपरा आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. त्यांचे झुंजार आणि काळापहाड वाचनालयांतून हातोहात फिरून पानापानाने झिजले. माझ्या आधीच्या पिढीने मराठी वाचनाची गोडी बऱ्याच अंशी या पुस्तकांतून लावून घेतली. पाठ्यपुस्तकाला कंटाळलेला मुलगा अर्नाळकरांपाशी रात्रभर जागायचा. हा ऋणानुबंध समीक्षेने फारसा मान्य केलेला नाही, पण तो खरा आहे.

दूरचित्रवाणीवर हा धागा ‘एक शून्य शून्य’ने उचलला. पोलिसांना बोलवायचा दूरध्वनी क्रमांक हेच मालिकेचे नाव. मुंबई दूरदर्शनवरची ही मराठी मालिका मुंबई पोलिसांच्या प्रत्यक्ष तपासांवर बेतलेली होती. दिग्दर्शक होते बी. पी. सिंग. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कॅमेऱ्याचे शिक्षण घेऊन ते दूरदर्शनच्या बातम्यांसाठी चित्रण करीत असत. घटनास्थळी वावरणाऱ्या कॅमेरामनची नजर त्यांच्यापाशी होती. त्यांच्या मालिकेतले तपास अधिकारी होते शिवाजी साटम. साटम बँकेत नोकरी करता करता मराठी रंगभूमीवर काम करून पुढे आले होते. हीच जोडी २१ जानेवारी १९९८ रोजी सोनीवर ‘सीआयडी’ घेऊन आली. साटमांचे एसीपी प्रद्युम्न, आदित्य श्रीवास्तवांचे अभिजित, दयानंद शेट्टींचे दया, नरेंद्र गुप्तांचे डॉ. साळुंखे आणि दिनेश फडणीसांचे फ्रेडरिक्स ही मंडळी २०१८पर्यंत पंधराशेहून जास्त भागांत घराघरांत येत राहिली. डिसेंबर २०२४मध्ये मालिका पुन्हा सुरू झाली. त्याच्या एक वर्ष आधी, डिसेंबर २०२३मध्ये, फडणीस गेले, तेव्हा आमच्या गल्लीत ओळखीचे माणूस गेल्यासारखी हळहळ झाली.

‘सीआयडी’ हिंदी मालिका. पण बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांनी ती कधी परकी मानली नाही. तपास मुंबईत चालायचा. साळुंखे, फडणीस, साटम ही नावे आपल्याकडच्या कुठल्याही हजेरीपटावर सापडतील अशी. आमच्याकडे सकाळी दुकानात कानडी, दुपारी शाळेत मराठी आणि रात्री टीव्हीवर हिंदी, असा दिवस जातो. ‘सीआयडी’ त्या दिवसात सहज बसली. घरी माणसे ती मराठीतून पाहायची. संवाद हिंदी असला तरी “हाच खुनी, बघ की, नजर चोरतोय” ही टीका मराठीत चालू असायची.

आता त्या भागाकडे येतो. भागाचे नाव ‘द इनहेरिटन्स’, म्हणजे वारसा. रहस्याची प्रस्तावना लिहिणाऱ्याने उलगडा फोडू नये, हा या प्रकाराचा पहिला धर्म आहे आणि तो मी पाळणार आहे. कथा मी सांगत नाही, तिची बांधणी सांगतो. कॅमेरा सुरू झाला तो १११ मिनिटे थांबलाच नाही. एका टेकमध्ये सगळा भाग. त्याची नोंद गिनीज आणि लिम्का या दोन्ही विक्रमग्रंथांत झाली. विक्रम हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. किती मिनिटे, हा आकडा उद्या कुणीही मोडेल. त्या मिनिटांत प्रेक्षकाच्या मनाचे काय झाले, ते जास्त महत्त्वाचे आहे.

एरवी मालिकेत ताण कसा निर्माण करतात ते आठवून पाहा. एक तासाच्या भागात प्रत्यक्ष कथा पाऊण तासाच्या आसपास असते, मध्ये जाहिराती. प्रत्येक जाहिरातीआधी एक धक्का द्यायचा: दार उघडते, किंचाळी येते, चित्र थांबते. परत आलो की कळते, दारात मांजर होते. कुणाला धक्का बसला तर त्याचा चेहरा तीनदा दाखवायचा, प्रत्येक वेळी ढोलाचा ठोका. पाठलाग करायचा तर पाय, घड्याळ, घामेजलेले कपाळ, पुन्हा पाय असे तुकडे जोडायचे. कात्री आणि ठोका यांवर सगळी भिस्त. ही साधने वाईट नाहीत. चांगल्या हातात त्यांनी उत्तम काम केले आहे. पण त्यांची सवय झाली की प्रेक्षक मनाने पुढे पळतो. ठोका वाजला की त्याला कळते, आता जाहिरात.

सलग चित्रणात यातले एकही साधन हाताशी राहत नाही. चेहरा तीनदा दाखवता येत नाही, कारण माणूस एकदाच दचकतो. दहा मिनिटांचे काम दहाच मिनिटे खाते. एका खोलीत चौकशी चालू असताना दुसऱ्या खोलीत काय चालले आहे ते आपल्याला कळत नाही. कॅमेरा तिथे नाही आणि आपल्याला तिथे नेणारी कात्रीही नाही. म्हणून चौकटीबाहेरचे घर जिवंत होते. मागच्या दाराचा आवाज झाला तर तो खरोखर मागच्या दाराचा वाटतो. पाहणारा माणूस त्या घरात पाहुण्यासारखा अडकतो. उठून जाता येत नाही आणि सगळे दिसतही नाही.

करणाऱ्यांवरचा ताण याहून मोठा. एरवी एका टेकमध्ये संवाद चुकला तर दुसरा टेक होतो. इथे शंभराव्या मिनिटाला जीभ अडखळली तर मागचे नव्व्याण्णव मिनिटांचे विणकाम उसवते. दिवे असे लपवावे लागतात की कॅमेरा कुठेही वळला तरी दिसू नयेत. आवाज टिपणाऱ्यांनी आणि सहायकांनी कॅमेऱ्याच्या पाठीमागे सतत सरकत राहायचे. चौकटीतून बाहेर पडलेल्या नटाने मांजराच्या पावलांनी पळत जाऊन पुढच्या खोलीत आधीपासून बसल्यासारखे बसायचे. कॅमेरा अंगावर बांधून चालणाऱ्या माणसाची कमर, श्वास आणि पाऊल यांवर सगळ्यांची मेहनत लोंबकळत असते. असा कॅमेरा हिसके न बसता चालवण्याचे साधन, स्टेडीकॅम, अमेरिकेच्या गॅरेट ब्राउन यांनी १९७०च्या दशकात बनवले. त्याआधी हातात कॅमेरा घेऊन चालले की चित्र हेलकावे खाई.

या कामाला नाटकाचीच माणसे लागतात. नाटकवाल्यांचा एक शब्द आहे: सांभाळून घेणे. समोरच्याचे वाक्य गेले, प्रॉपर्टी जागेवर नाही, दार अडकले, तरी प्रेक्षकाला कळू न देता पुढे जायचे. साटमांसारखा रंगभूमीवरून आलेला नट हे रक्तात घेऊन येतो. आणि ही शिकवण आपल्याकडची फार जुनी आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि मराठी नाटकाची सुरुवात झाली. त्यांना आश्रय सांगलीच्या पटवर्धनांचा होता. आपले शहापूर त्या काळी याच सांगली संस्थानचा भाग होते आणि १९४८मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तसेच राहिले. बेळगाव इंग्रजांचे, आणि त्याला चिकटलेले शहापूर सांगलीकरांचे. त्यामुळे एकदा पडदा वर गेला की मागे फिरायचे नाही, ही रंगभूमीची शिस्त आपल्याही घरचीच मानायला हरकत नाही. एकशे अकरा मिनिटांच्या त्या भागात मला तीच शिस्त कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली दिसते.

जगात इतरांनीही हा प्रयत्न केला आहे, आणि तुलना केल्याने आपले मोल कळते. हिचकॉकने १९४८ साली ‘रोप’ केला. एका घरात खून, प्रेत पेटीत, आणि त्याच पेटीवर मेजवानी मांडलेली. त्याला सलग चित्रण हवे होते, पण कॅमेऱ्यातले फिल्मचे रीळ दहा मिनिटांत संपे. मग कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर कॅमेरा न्यायचा, पडदा काळा झाला की रीळ बदलायचे, अशा गाठी त्याने लपवल्या. पुढे डिजिटल तंत्र आले आणि रिळाचे बंधन गेले. रशियाच्या सोकुरॉव्हने २३ डिसेंबर २००१ रोजी सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ‘रशियन आर्क’ हा ९६ मिनिटांचा चित्रपट एका टेकमध्ये टिपला. आधीचे तीन प्रयत्न तांत्रिक अडचणींनी फसले आणि चौथा साधला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत आपल्याकडे, दर आठवड्याला नवा भाग द्यावा लागणाऱ्या मालिकेच्या धबडग्यात, १११ मिनिटे उभी राहिली. संग्रहालयातल्या मिरवणुकीपेक्षा तपासाची कथा अवघड, कारण तिच्यात प्रत्येक वाक्य पुराव्याचे असते. एक धागा निसटला तर उलगडाच चुकतो.

आता बाण्याकडे वळतो, कारण ताण्याची तारीफ करून थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

मार्च २०२५मध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली. चार भाग, प्रत्येक भाग एका टेकचा. तेरा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या मुलीच्या खुनासाठी पहाटे घरातून उचलून नेतात, इथून ती सुरू होते. खून कुणी केला, हा प्रश्न पहिल्याच भागात मिटतो. उरतो तो ‘का’. तिसऱ्या भागात जवळजवळ सगळा वेळ एक खोली, एक टेबल आणि दोन माणसे आहेत: तो मुलगा आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. तिने त्याच्यासाठी गरम चॉकलेट आणि अर्धे सँडविच आणले आहे. एवढ्याशा खाऊवरून खोलीतली हवा बदलत जाते. तो हसतो, लाडात येतो, आणि एकाएकी उठून तिच्या अंगावर ओरडतो. ती जागची हलत नाही. तो गेल्यावर मात्र तिचा धीर सुटतो. आणि कॅमेरा तिला सोडून जात नाही, म्हणून आपल्यालाही तिला सोडून जाता येत नाही. मुलाचे काम करणारा ओवेन कूपर पहिल्यांदाच अभिनय करीत होता, आणि हा तिसरा भागच सर्वांत आधी चित्रित झाला. पंधराव्या वर्षी त्याला एमी पुरस्कार मिळाला.

पण त्या मालिकेतली माझ्या मनात घर करून राहिलेली जागा दुसऱ्या भागात आहे. तपासावरची पोलीस बाई सहकाऱ्याला बोलून दाखवते की सगळे त्या मुलाचे नाव लक्षात ठेवतील, मेलेल्या मुलीचे कुणी ठेवणार नाही. मालिकेने स्वतःवरच ठेवलेला हा आरोप आहे, आणि तो खरा आहे. एकूण गुन्हेकथेवरच तो लागू होतो. ‘तो मी नव्हेच’ पाहून आलेल्या कुणालाही लखोबाचे नाव विचारा, लगेच सांगेल. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या, भर कोर्टात आपली फसवणूक उघडी करणाऱ्या बायकांची नावे विचारा. मी अनेकांना विचारली आहेत. उत्तर येत नाही. नाटकात तर त्याच बायका खऱ्या धीराच्या. नटाच्या तेजाने आपले डोळे दिपले, हा दोष आपला. ‘सीआयडी’तही कितीदा प्रेत पहिल्या दृश्यात सापडते आणि नंतर ते माणूस म्हणून आपल्याला भेटतच नाही. ते फक्त कोडे सोडवायचे निमित्त असते.

हे मी दूषण देण्यासाठी लिहीत नाही. वीस वर्षे ज्या मालिकेने आमच्या रात्री सोबतीच्या केल्या तिच्याविषयी माझ्या मनात माया आहे. पण माया असली की मागणेही असते. खऱ्या गुन्ह्यांवर बेतलेल्या कार्यक्रमांचा आज सुकाळ आहे. त्यांतली प्रत्येक कथा कुणाच्या तरी घरात खरोखर घडलेली असते. तिथे एक रिकामे अंथरूण आहे, एक आई आहे. ताण वाढवायचा म्हणून त्या आईचा आक्रोश संगीत लावून पुन्हा पुन्हा दाखवायचा, ही ताण्याला बाण्यापासून तोडण्याची खूण. तसल्या विणकामाला शहापुरात कुणी साडी म्हणणार नाही. धुतले की विरते.

सलग चित्रणाचे महत्त्व मला याच ठिकाणी सर्वांत जास्त वाटते. कात्रीने दुःख हवे तेवढे कापून घेता येते: अश्रू ठेवायचे, नंतरची शांतता टाकायची. सलग चित्रणात ती शांतता टाकता येत नाही. घरात प्रेत आहे तर ते आहे. चौकशी चालू आहे, माणसे खोटे बोलत आहेत, चहा निवतो आहे, आणि प्रेत तिथेच आहे. आपण त्या घराबाहेर पडू शकत नाही. खऱ्या घरातल्या माणसांनाही पडता येत नाही. एवढे जरी एखाद्या भागाने प्रेक्षकाला जाणवून दिले, तरी त्याने बाणा राखला असे मी म्हणेन.

पुढच्या पानांत तीन गोष्टी वाचकाला मिळतील. पहिल्या भागात सलग चित्रणाचे तंत्र, शक्य तितक्या साध्या शब्दांत: दिवे, ध्वनी, कॅमेऱ्याची वाट आणि नटांच्या जागा. दुसऱ्या भागात ‘तो मी नव्हेच’पासून ‘एक शून्य शून्य’ आणि ‘सीआयडी’पर्यंत मराठी माणसाने गुन्ह्याची गोष्ट कशी सांगितली याचा आढावा आहे. तिसरा भाग आमच्याकडच्या एकांकिका करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. स्पर्धेच्या एकांकिकेत ताण आणायचा म्हणून किंकाळी, अंधार आणि ढोल यांचा मारा होतो, तो टाळून एका खोलीत, एका उजेडात, तीन माणसांवर प्रवेश कसा पेलावा, याचे काही सराव त्यात दिले आहेत. मोबाइलवर दहा मिनिटांचे सलग चित्रण करून पाहण्याचा एक सरावही आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पहिल्या दोन-तीन वेळा फसेल. सोकुरॉव्हचेही तीनदा फसले होते.

हे पुस्तक आण्णांनी वाचले असते तर मला बरे वाटले असते. ते आता नाहीत, आणि त्यांच्या घरात मागही नाही. वडगावात आणि खासबागेत अजून माग चालतात, पण पूर्वीइतके नाहीत. तरी या पुस्तकाची भाषा मी त्यांच्याकडून घेतली आहे, हे इथे नोंदवतो. 

वाचकाला एक विनंती करतो. हे पुस्तक वाचण्याआधी तो भाग एकदा पाहा. एकट्याने पाहू नका, घरच्यांना घेऊन बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मधे थांबवू नका, पुढे सरकवू नका. ज्यांनी तो केला त्यांनी १११ मिनिटे श्वास रोखून धरला होता, आपण निदान तेवढा वेळ जागेवर बसावे. आणि भाग संपला की खुनी कोण हे घरच्यांना विचारू नका, ते सगळ्यांना आठवेल. मेले कोण होते, त्याचे नाव काय होते, ते विचारा.

शहापूर, बेळगाव